किट तासाभरात, पत्ता कायमचा

वेब ॲपला विकेंद्रित समाजमाध्यमाची जोड द्यायची म्हटली तर आज पर्यायांची वानवा नाही. एनपीएमवर एक आज्ञा दिली की पॅकेज उतरतं. नमुन्यादाखल दिलेला वीस-पंचवीस ओळींचा कोड चिकटवला की आपल्या ॲपमधला 'नमस्कार' जर्मनीतल्या एखाद्या मॅस्टोडॉन सर्व्हरवर उमटतो. डॉक्युमेंटेशन इथवर नीट हात धरून नेतं. त्यानंतरचे प्रश्न मात्र कोडचे नसतात. वापरणाऱ्याची ओळख कोणाच्या हातात राहणार, त्याचं लिहिलेलं कुठे साठणार, आणि कोणी गोंधळ घातला तर त्याला आवरणार कोण? प्रत्येक किटनं या तिन्हींची उत्तरं आधीच देऊन ठेवलेली असतात आणि किट बसवताना ती आपण न वाचता मान्य करतो. किट पुढे बदलता येतं, मधली व्यवस्थाही बदलता येते. एकदा जगाला दिलेला पत्ता बदलणं मात्र जवळपास अशक्य असतं. म्हणून कोणतं किट चांगलं याआधी 'पत्ता कोणाचा' हे ठरवायला हवं, असं माझं मत आहे आणि हा आढावा त्याच नजरेनं घेतला आहे.

मुळात या उठाठेवीची गरज काय? ऑर्कुटवर मराठी मंडळींचे कितीतरी गट होते. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलनं ऑर्कुट बंद केलं. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. भारतीय भाषांचा झेंडा घेऊन आलेलं कू जुलै २०२४ मध्ये आटोपलं. दरम्यान ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं आणि जगभरातून लोक मॅस्टोडॉनकडे वळले. भारतात अशी लाट त्याआधीच येऊन गेली होती. २०१९ च्या शेवटी सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरनं बंद केल्यावर अनेकांनी निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर खाती उघडली. ती लाट टिकली नाही, कारण ओळखीची माणसं जुन्याच जागी होती. विकेंद्रित माध्यमांची ही दुखती नस आहे. तंत्र चालतं, पण माणसं येत नाहीत. आपल्या वेब ॲपला ही जोड देण्यामागचा विचार नेमका इथे सुरू होतो. लोकांना नव्या जागी बोलवण्याऐवजी ते आहेत तिथूनच त्यांना आपल्याशी बोलता यावं.

कल्पना जुनी आहे. एव्हन प्रोड्रोमू यांनी २००८ मध्ये आयडेंटिका ही सेवा सुरू केली. वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या लोकांनी एकमेकांना फॉलो करावं ही कल्पना तिथे प्रत्यक्ष चालत होती. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरासाठी दहा हजार डॉलर मागितले आणि लोकांनी दोन लाखांवर दिले. फेसबुकबद्दलची चीड तेव्हाही एवढी होती. त्या पिढीचे प्रोटोकॉल एकमेकांशी जुळत नव्हते. अखेर वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमनं २३ जानेवारी २०१८ रोजी ॲक्टिव्हिटीपब हे मानक म्हणून जाहीर केलं. ऑयगन रोखको यांनी २०१६ मध्ये काढलेल्या मॅस्टोडॉननं ते त्याआधीच, २०१७ मध्ये, उचललं होतं. मानकाला जीव आला तो मॅस्टोडॉनमुळे, आणि त्याच्या खोडीही मॅस्टोडॉनच्याच.

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. समजा, तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं छोटं वेब ॲप आहे. नवी आलेली पुस्तकं, वाचकांचे अभिप्राय आणि व्याख्यानमालेच्या तारखा एवढंच त्यात आहे. ही माहिती लोकांना त्यांच्या त्यांच्या जागी मिळावी आणि त्यांनी तिथूनच उत्तर द्यावं, अशी वाचनालयाची इच्छा आहे.

ॲक्टिव्हिटीपबच्या वाटेनं गेलं तर वाचनालयाचं प्रत्येक खातं म्हणजे एक 'ॲक्टर' होतो. ॲक्टर ही खरं तर एक वेब पत्ता असलेली जेसन फाइल असते. तिच्यात नाव, इनबॉक्सचा पत्ता, आउटबॉक्सचा पत्ता आणि सार्वजनिक किल्ली असते. कोणी मॅस्टोडॉनवर वाचनालयाचं नाव शोधलं की त्याचा सर्व्हर आपल्या डोमेनवर वेबफिंगरची चौकशी करतो, त्यातून ॲक्टरचा पत्ता मिळवतो, फाइल आणतो आणि इनबॉक्समध्ये 'फॉलो' टाकतो. आपल्या ॲपनं उलट 'ॲक्सेप्ट' पाठवायचं. नवं पुस्तक आलं की 'क्रिएट' नावाची कृती प्रत्येक फॉलोअरच्या इनबॉक्समध्ये पोचवायची आणि प्रत्येक पाठवणीवर सही करायची. कागदावर एवढंच आहे.

हे सगळं हातानं लिहिणारे लोक आहेत. त्यांच्या धीराला नमस्कार. बाकीच्यांसाठी सध्या टाइपस्क्रिप्टमध्ये फेडिफाय हे मला सर्वांत विचारपूर्वक बांधलेलं किट वाटतं. होंग मिनही या कोरियन विकासकानं ते लिहिलं. घोस्ट या प्रकाशन-प्रणालीनं आपली फेडिव्हर्सची, म्हणजे ॲक्टिव्हिटीपब बोलणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याची, सोय त्याच्याच आधारानं उभी केली. ते नोड, डेनो आणि बन या तिन्हींवर चालतं. एक्सप्रेस, होनो, नेक्स्ट अशा चौकटींत बसवता येतं. आपण एक फेडरेशन वस्तू तयार करायची, तिला साठवणीची जागा आणि निरोपांची रांग द्यायची. ॲक्टर मागितला तर काय द्यायचं, किल्ल्या कुठून आणायच्या आणि 'फॉलो' आला तर काय करायचं, एवढं सांगितलं की सही, पडताळणी, पुन्हा-पुन्हा पाठवणं ही कटकट ते सांभाळतं.

तरीही पहिल्या आठवड्यात माणूस हमखास अडकतो अशा काही जागा आहेत. लोकलहोस्टवर काहीच चालत नाही, कारण पलीकडच्या सर्व्हरला आपल्या लॅपटॉपपर्यंत येता आलं पाहिजे आणि तेही एचटीटीपीएसवरून. त्यासाठी तात्पुरता बोगदा लागतो. फेडिफायच्या साधनांत तो आहे. दुसरी जागा प्रॉक्सीची. ॲप एनजिनएक्सच्या मागे उभं असेल तर त्याला वाटतं आपला पत्ता साधा एचटीटीपी आणि पोर्ट ८००० असा आहे. मग ते तसेच आयडी तयार करतं, आणि सही पडताळताना पलीकडचा सर्व्हर ते फेटाळतो. चूक दिसते सहीची, असते प्रॉक्सीची. रात्री जातात त्या याच फरकात. तिसरी जागा कॅशची. एकाच पत्त्यावर ब्राउझरला पान द्यायचं आणि सर्व्हरला जेसन द्यायचं, हे मागणाऱ्याच्या 'ॲक्सेप्ट' हेडरवरून ठरतं. मध्ये सीडीएन असेल आणि 'व्हेरी' हेडर लावायला विसरलं, तर एखाद्या सकाळी वाचकांना पानाऐवजी महिरपी कंसांचा ढीग दिसतो.

सहीची गोष्ट तर मानकाच्या इतिहासातच गुंतलेली आहे. ॲक्टिव्हिटीपबच्या मानकात सही कशी करावी याचं बंधन नाही. मॅस्टोडॉननं एचटीटीपी सिग्नेचरचा एक मसुदा उचलला आणि तोच सगळ्यांचा रिवाज झाला. त्या विषयाचं पक्कं मानक, आरएफसी ९४२१, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, तोवर हजारो सर्व्हर मसुद्यावर स्थिरावले होते. आता नवी किटं आधी एका पद्धतीनं सही करून पाहतात आणि नाकारलं तर दुसऱ्या पद्धतीनं. शिवाय काही सर्व्हर साधी वाचायची विनंतीसुद्धा सहीशिवाय स्वीकारत नाहीत. मानक वाचून ॲप लिहिणाऱ्याला हे कुठेच सापडत नाही, आणि वापरणाऱ्याला किटच्या आत ते सगळं झालेलं दिसतही नाही. किट घेण्याचं खरं कारण हे आहे. वीस ओळी वाचतात ते त्यामानानं किरकोळ.

रांगेबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण स्वस्त होस्टिंगवर पहिला दणका तिथेच बसतो. वाचनालयाला दोन हजार फॉलोअर मिळाले आणि ते तीनशे सर्व्हरवर विखुरलेले असले तर एका पोस्टसाठी निदान तीनशे पाठवण्या होतात. सामायिक इनबॉक्सची सोय नसती तर दोन हजार झाल्या असत्या. त्यातले काही सर्व्हर बंद असतात, काही मंद असतात. ही पाठवणी वापरणाऱ्याच्या विनंतीच्या आत केली तर पान लटकतं. म्हणून रेडिस किंवा पोस्टग्रेसवर चालणारी रांग आणि वेगळा वर्कर हवाच. मेमरीतली रांग फक्त शिकण्यापुरती असते. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ती पुसली जाते. उलट्या बाजूचा दणकाही आहे. आपल्या पानाची लिंक कोणी लोकप्रिय माणसानं टाकली की शेकडो सर्व्हर थोड्याच वेळात त्या पानाची झलक काढायला येतात, आणि मंद सीएमएसला एवढं पुरतं.

ज्यांचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे, आणि मराठी संस्थांची पुष्कळ संकेतस्थळं तशी आहेत, त्यांनी यातलं काहीही बांधू नये. मथियास फेफर्ले यांनी लिहिलेला ॲक्टिव्हिटीपब प्लगइन २०२३ मध्ये ऑटोमॅटिक कंपनीनं आपल्याकडे घेतला. तो बसवला की लेख फेडिव्हर्समध्ये जातात आणि तिथली उत्तरं नेहमीच्या प्रतिक्रियांसारखी मंजुरीच्या रांगेत येतात. ही शेवटची सोय लहान वाटते, पण संस्थेच्या दृष्टीनं तीच सर्वांत मोलाची आहे. त्याचप्रमाणे वाचनालयाला केवळ पुस्तकांची चर्चाच हवी असेल तर माउस रीव्ह यांनी सुरू केलेलं बुकविर्म तयार आहे. फोटोंसाठी पिक्सेलफेड आणि व्हिडिओंसाठी फ्रामासॉफ्टचं पीअरट्यूब आहे. परवाने मात्र वाचून घ्यावेत. मॅस्टोडॉनचा एजीपीएल आहे, म्हणजे बदल करून लोकांना सेवा दिली तर बदललेला कोडही द्यावा लागतो. बुकविर्मचा परवाना तर नावानंच भांडवलशाहीविरोधी आहे.

आता पत्त्याकडे. ॲक्टिव्हिटीपबमध्ये ओळख डोमेनला बांधलेली असते. खातं दुसऱ्या सर्व्हरवर 'मूव्ह' करता येतं, फॉलोअर सोबत येतात, पण लिहिलेलं मागे राहतं. डोमेनच गेलं तर 'मूव्ह'सुद्धा पाठवता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'क्विअर डॉट एएफ' या मॅस्टोडॉन सर्व्हरचं हेच झालं. 'एएफ' हे अफगाणिस्तानचं डोमेन. तालिबानच्या ताब्यातल्या नोंदणी यंत्रणेनं ते बंद केलं आणि सर्व्हर चालू असूनही नाहीसा झाला. झकास दिसणारं परदेशी डोमेन घेण्याचा मोह होतो तेव्हा ही घटना आठवावी. वाचनालयानं आपलं डोमेन संस्थेच्या नावावर घ्यावं, उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर नव्हे. या लेखातली सर्वांत अतांत्रिक सूचना हीच, आणि ती मोडल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील.

ब्लूस्काय ज्यावर उभं आहे तो एटी प्रोटोकॉल नेमका या दुखण्यावरच उपाय शोधत निघाला. जॅक डॉर्सी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरमधूनच ब्लूस्काय प्रकल्पाची घोषणा केली होती. पुढे जे ग्रेबर यांच्या नेतृत्वाखाली त्याची स्वतंत्र कंपनी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्लूस्काय सर्वांना खुलं झालं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वापरणाऱ्यांनी दोन कोटींचा आकडा ओलांडला. इथे माणसाची खरी ओळख म्हणजे न बदलणारा एक डीआयडी. डोमेनसारखं दिसणारं नाव ही त्यावरची पाटी. पाटी बदला, घर बदला, डीआयडी तोच राहतो. माणसाचं सगळं लिहिलेलं त्याच्या स्वतःच्या सही केलेल्या भांडारात असतं. ते भांडार पीडीएस नावाच्या सर्व्हरवर असतं आणि तिथून उचलून दुसरीकडे नेता येतं.

वाचनालयाच्या ॲपला याचा अर्थ वेगळाच होतो. ॲपनं खाती उघडायचीच नाहीत. वाचक आपल्या असलेल्या ओळखीनं ओऑथमधून आत येतो. अभिप्राय लिहिला की तो ॲपच्या डेटाबेसमध्ये नव्हे तर वाचकाच्या भांडारात जातो, आणि ॲप जेटस्ट्रीमसारख्या प्रवाहातून आपल्या कामाच्या नोंदी वेचून त्यांची यादी करतं. नोंदीचा साचा आपण ठरवायचा. त्याला लेक्सिकन म्हणतात आणि त्याचं नाव आपल्या डोमेनवरून उलट क्रमानं लिहितात. शिकायला स्टेटसस्फिअर नावाचं अधिकृत नमुना ॲप आहे. ते आधी पूर्ण वाचावं, मग हात घालावा. ओऑथचा भाग किचकट आहे. ॲपची ओळख म्हणजे आपल्याच डोमेनवर ठेवलेली एक जेसन फाइल, आणि तिच्या जोडीला पीकेसीई, पीएआर, डीपॉप ही तीनही बंधनं. हातानं लिहू नये. अधिकृत पॅकेज आहे.

ही रचना मला सुबक वाटते, पण तिच्यात दोन खड्डे आहेत. भांडारातलं सगळं सार्वजनिक आहे. कोणी कोणाला ब्लॉक केलं हेसुद्धा कोणीही वाचू शकतं. कोणत्या वाचकानं कोणतं पुस्तक नेलं ही नोंद तिथे कधीही जाता कामा नये. दुसरा खड्डा केंद्राचा. क्रिस्टीन लेमर-वेबर या ॲक्टिव्हिटीपबच्या सहलेखिका. त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सविस्तर लिहून दाखवलं की संपूर्ण जाळ्याची प्रत ठेवणारे भाग चालवणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही आणि डीआयडीची मुख्य नोंदवहीही एकाच ठिकाणी आहे. ब्लूस्कायच्या लोकांनी त्यावर उत्तरंही दिली आणि चर्चा सभ्य राहिली. माझ्या मते लेमर-वेबर यांचं निदान बरोबर आहे, पण वाचनालयाला संपूर्ण जाळं नकोच आहे. आपल्या साच्याच्या नोंदी गोळा करायला लहान सर्व्हर पुरतो.

तिसरी वाट नोस्टरची. २०२० मध्ये फियाटजाफ या टोपणनावाच्या विकासकानं मांडलेला हा प्रोटोकॉल इतका लहान आहे की एका दुपारी पूर्ण समजतो. ओळख म्हणजे किल्ल्यांची जोडी. पोस्ट म्हणजे सही केलेला जेसन, आणि तो वेबसॉकेटवरून 'रिले' म्हणवणाऱ्या पाच-सात सर्व्हरांना पाठवायचा. सर्व्हरांमध्ये आपसांत काही बोलणं नाही. वेब ॲपमध्ये बसवायला सर्वांत सोपं हेच. ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन असेल तर ॲपनं फक्त सही मागायची, खाजगी किल्लीला शिवायचं नाही. तसंच करावं. 'तुमची किल्ली इथे चिकटवा' म्हणणारी चौकट कोणत्याही ॲपमध्ये असू नये. कारण किल्ली हरवली की ओळख गेली, आणि चोरीला गेली तर ओळख दोघांची झाली. बदलून द्यायला कोणी नाही. तंत्रप्रेमींना हे स्वातंत्र्य वाटतं. वाचनालयाच्या सत्तरीतल्या सभासदासाठी मी ही वाट निवडणार नाही.

बाकीच्या वाटा भराभर. टिम बर्नर्स-ली यांचा सॉलिड हा प्रकल्प समाजमाध्यमापेक्षा माहितीच्या मालकीचा विचार करतो. प्रत्येकाची माहिती त्याच्या 'पॉड'मध्ये राहते आणि ॲपं परवानगी घेऊन ती वापरतात. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या सरकारनं तो मनावर घेतला आहे. आपल्याकडच्या लहान ॲपला मात्र पॉड असलेला वापरकर्ता शोधत फिरावं लागेल. फारकास्टरमध्ये ओळख ब्लॉकचेनवर नोंदवतात आणि साठवणीचं भाडं भरतात. क्रिप्टो वॉलेट बाळगणाऱ्या लोकांसाठी ते ठीक. सर्व्हरच नको म्हणणारे स्कटलबट आणि गन यांसारखे प्रकल्प कल्पना म्हणून सुंदर आहेत, पण वेब ॲपमध्ये ते लंगडे पडतात. टॅब बंद केला की त्या माणसाचा माहितीचा वाटा जाळ्यातून जातो, आणि मोबाइल नेटवर्कवरच्या दोन ब्राउझरांची गाठ घालून द्यायला शेवटी मध्ये सर्व्हर लागतोच.

आता ज्या गोष्टीवर इंग्रजी डॉक्युमेंटेशन सहसा गप्प असतं तिच्याकडे येऊ, म्हणजे देवनागरीकडे. 'महाराष्ट्र' हा शब्द घ्या. युनिकोडच्या हिशेबानं त्यात दहा संकेत आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे तीस बाइट. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना अक्षरं दिसतात चार. ब्लूस्कायची मर्यादा अशा दिसणाऱ्या अक्षरांची आहे, तीनशे. सोबत तीन हजार बाइटांची दुसरी मर्यादा आहे. पण दिसणारं अक्षर कसं मोजायचं याचा नियम सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये बदलला. त्याआधी 'ष्ट्र' हे जोडाक्षर तीन तुकड्यांत मोजलं जाई, आता एकात. म्हणजे वापरणाऱ्याच्या नव्या ब्राउझरमध्ये 'महाराष्ट्र' चार अक्षरांचा आणि जुन्या लायब्ररीच्या सर्व्हरवर सहा अक्षरांचा. पानावर 'अजून बारा अक्षरं शिल्लक' असं दिसतं आणि पाठवल्यावर पोस्ट नाकारली जाते. मराठीत जोडाक्षरं भरपूर, त्यामुळे हा फरक लांब पोस्टमध्ये चांगलाच वाढतो. गणती एकाच ठिकाणी करावी आणि मर्यादेच्या अलीकडे थोडी जागा सोडावी.

लिंकांचा घोळ याहून गमतीदार आहे. एटी प्रोटोकॉलमध्ये पोस्टमधली लिंक किंवा हॅशटॅग कुठे सुरू होतो ते बाइटांत सांगावं लागतं. जावास्क्रिप्ट मात्र आपल्या वेगळ्याच एककात मोजतं. 'महाराष्ट्र' लिहून एक जागा सोडून लिंक दिली तर जावास्क्रिप्टच्या मते ती अकराव्या स्थानी आहे, प्रोटोकॉलच्या मते एकतिसाव्या. अकरा लिहिलं तर खूण एका अक्षराच्या पोटात पडते. इंग्रजी मजकुरात दोन्ही आकडे सारखेच येत असल्यानं चाचणीत काही सापडत नाही, आणि मराठी वाचकांना अर्धवट निळे शब्द दिसतात. अधिकृत पॅकेजमधलं रिचटेक्स्ट हे साधन हा हिशेब बरोबर करतं, ते वापरावं.

सहीबाबत आणखी एक सावधगिरी. 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध संकेतानं, किंवा 'र' आणि नुक्ता जोडून. दिसतात दोन्ही सारखे, बाइट वेगळे. नोस्टरमध्ये पोस्टचा आयडी हा मजकुराच्या बाइटांवरून काढलेला हॅश असतो. ॲपनं सही घेतली आणि साठवताना डेटाबेसच्या थरानं मजकूर 'प्रमाणित' करून घेतला, तर 'दऱ्या' शब्द असलेली पोस्ट खोटी ठरते आणि 'डोंगर' असलेली खरी. अदृश्य जोडचिन्हं गाळून टाकणाऱ्या सफाईच्या लायब्रऱ्याही 'र्‍या'चं असंच वाटोळं करतात. जे काही शुद्ध करायचं ते सहीआधी. सही झाल्यावर मजकुराला हात लावायचा नाही.

नावांतही देवनागरीला अजून पूर्ण प्रवेश नाही. मॅस्टोडॉन खात्याच्या नावात रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हंच ओळखतो. दाखवायचं नाव मराठीत ठेवता येतं. 'डॉट भारत'चं देवनागरी डोमेन घेतलं तर प्रोटोकॉलच्या पातळीवर ते रोमन अक्षरांच्या अगम्य ओळीत रूपांतरित होऊन वावरतं. तेव्हा पाटी मराठीत लावावी आणि पत्ता रोमनमध्ये ठेवावा. सध्या तरी दुसरा इलाज नाही. प्रत्येक पोस्टला भाषेची खूण मात्र जरूर लावावी. ॲक्टिव्हिटीपबमध्ये 'कंटेंटमॅप'मध्ये, एटी प्रोटोकॉलमध्ये 'लँग्स'मध्ये मराठीचा संकेत देता येतो. ती नसली की भाषा ओळखणारी यंत्रं देवनागरी दिसताच खुशाल 'हिंदी' म्हणून मोकळी होतात, आणि मराठीपुरतंच वाचू इच्छिणाऱ्याला आपण सापडत नाही.

राहिला तिसरा प्रश्न, आवरणार कोण. फेडरेशन सुरू झालं की अनोळखी सर्व्हरवरून काहीही आपल्या इनबॉक्समध्ये येऊ शकतं. जाहिराती, शिवीगाळ, आणि कधी याहून भयंकर. स्टॅनफर्डच्या इंटरनेट वेधशाळेनं २०२३ मध्ये मॅस्टोडॉन सर्व्हरांची पाहणी केली तेव्हा त्यांना बालकांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य सापडलं होतं. आलेली चित्रं आपल्या सर्व्हरवर साठवण्याची सोय किटमध्ये असेल तर ती बंद ठेवण्यापासून सुरुवात करावी. आलेलं एचटीएमएल गाळून घ्यावं. पलीकडून आलेल्या पत्त्यावर आपला सर्व्हर डोळे झाकून जाऊ नये, नाहीतर कोणी आपल्याच अंतर्गत नेटवर्कचा पत्ता देऊन आपल्याकडूनच कुलूप उघडून घेईल. फेडिफाय असे खाजगी पत्ते आपोआप नाकारतं. चाचणीसाठी ती बंदी उठवली असेल तर पुन्हा लावायला विसरू नये.

कायद्याच्या भाषेत दुसऱ्यांचा मजकूर दाखवणारं ॲप हे 'मध्यस्थ' ठरतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण हवं तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, तक्रारीला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. मोठ्या कंपन्यांसाठीच हे आहे असा समज आहे. जादा बंधनं मोठ्यांना आहेत, पण तक्रार अधिकारी लहानांनाही सुटत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे, आणि इथे विकेंद्रित रचना अडखळते. आपण 'डिलीट' पाठवू शकतो. तीनशे सर्व्हरांनी ते पाळलंच असेल याची हमी देऊ शकत नाही. वाचकाला ही गोष्ट लिहिण्याआधी, साध्या मराठीत, पाठवण्याच्या बटणाजवळ सांगावी. अटींच्या पानात पुरून ठेवू नये.

म्हणून आमच्या वाचनालयानं असं करावं असं मला वाटतं. आधी संस्थेच्या नावावर डोमेन घ्यावं. पहिले काही महिने फक्त बाहेर पाठवावं: ॲक्टिव्हिटीपबचं एक खातं, नव्या पुस्तकांचं, उत्तरं आली तर मंजुरीच्या रांगेत. रांग रोज बघणारा माणूस मिळाला, आणि तो टिकला, तर दुसरं पाऊल वाचकांच्या अभिप्रायांचं. त्यासाठी एटी प्रोटोकॉलची वाट जास्त योग्य, कारण वाचनालयाचं ॲप बंद पडलं तरी वाचकाचं लिहिलेलं वाचकापाशी राहतं. दोन्ही जाळ्यांत एकाच वेळी उडी मारू नये. मधले पूल उपलब्ध आहेत. ब्रिजी फेड ही सेवा ॲक्टिव्हिटीपब आणि ब्लूस्कायमध्ये ने-आण करते आणि सुरुवातीला ते पुरतं.

बंद करण्याची पद्धतही सुरू करण्याआधीच लिहून ठेवावी. किमान तीन महिने आधी सूचना द्यावी, आणि तोवर लोकांना आपला मजकूर उतरवून घेता यावा, खाती हलवता यावीत. त्यानंतर प्रत्येक ॲक्टरसाठी 'डिलीट' पाठवावं आणि रांग रिकामी होईपर्यंत सर्व्हर चालू ठेवावा; मॅस्टोडॉनमध्ये यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे, आपल्या ॲपमध्ये ती आपल्यालाच लिहावी लागेल. किल्ल्या आधी पुसल्या तर 'डिलीट'वर सही करता येत नाही, तेव्हा त्या सर्वांत शेवटी. आणि डोमेनचं शुल्क त्यानंतरही काही वर्षं भरत राहावं. सोडून दिलेलं डोमेन दुसऱ्या कोणी घेतलं तर त्याच नावानं, नव्या किल्लीनं तो तुमच्या जुन्या फॉलोअरांशी बोलू शकतो, आणि त्यांच्या सर्व्हरला त्यात काही वावगं दिसेलच असं नाही.